टॉमकॅटच्या पुढे अपाची: जावा सीएमएसची जोडणी नेमकी कुठे गळते

जावात लिहिलेलं सीएमएस, म्हणजे साइटचा मजकूर सांभाळणारी प्रणाली, आपल्या मशीनवर बसवणं आता फार अवघड राहिलेलं नाही. ओपनसीएमएसचंच उदाहरण घेऊ. जर्मनीतल्या कोलोनची अल्काकॉन ही कंपनी ते बनवते आणि ते मुक्तस्रोत आहे. टॉमकॅट हा जावा ॲप्लिकेशन चालवणारा सर्व्हर चालू करायचा, वॉर फाइल (ॲप्लिकेशनचं गाठोडं) ‘वेबॲप्स’ फोल्डरमध्ये टाकायची, डेटाबेसचं नाव आणि पासवर्ड देऊन सेटअप पुरा करायचा, की ८०८० पोर्टवर नमुन्याची साइट उघडते. मजकूर लिहिता येतो, फोटो चढवता येतात, पान प्रसिद्ध करता येतं.

मग ती साइट लोकांसाठी खुली करायची वेळ येते. पत्त्यात ८०८० दिसायला नको असतो, एचटीटीपीएस हवं असतं, म्हणून टॉमकॅटच्या पुढे अपाची हा वेब सर्व्हर उभा केला जातो. आणि काल नीट चालणारी साइट चमत्कारिक वागू लागते. लॉगिन होतं, पण पुढच्याच क्लिकला पुन्हा पासवर्ड मागतं. दोन वेगळ्या डोमेनवर एकच मुखपृष्ठ दिसतं. एखाद्या लिंकवर क्लिक केलं की पत्त्याच्या पट्टीत ‘लोकलहोस्ट:८०८०’ उगवतं. कधी ब्राउझर सांगतो की पान स्वतःकडेच फिरून फिरून येतंय, आणि हात टेकतो.

वरवर बघता या तक्रारींचा एकमेकींशी काही संबंध दिसत नाही, त्यामुळे प्रत्येकीसाठी वेगळा उपाय शोधला जातो. कुठूनतरी सापडलेली ओळ कॉन्फिगमध्ये चिकटवली जाते, एक दुखणं थांबतं आणि दुसरं सुरू होतं. खरं तर या सगळ्यांचं मूळ एकच आहे. आपण पोर्टला पोर्ट जोडतो, पण वाचकाने कुठल्या नावाने, कुठल्या प्रोटोकॉलने, कुठल्या वाटेवरचं पान, कुठून मागितलं ही माहिती मधल्या टप्प्यात गळून जाते. ती शाबूत पोचवणं हेच जोडणीचं खरं काम. हे एकदा पक्कं समजलं की कॉन्फिगमधली प्रत्येक ओळ कशासाठी आहे ते आपोआप कळू लागतं.

पुढे दुसरा सर्व्हर हवाच कशाला

टॉमकॅट स्वतः वेब सर्व्हर आहे, टीएलएसही (एचटीटीपीएसमागचं कूटलेखन) त्याला येतं. मग मध्ये आणखी एक कशाला, हा प्रश्न रास्त आहे. लिनक्सवर १०२४च्या खालचे पोर्ट उघडायला मुळात रूटचे, म्हणजे मशीनच्या सर्वाधिकारी युजरचे, अधिकार लागतात. वेबचे ८० आणि ४४३ हे दोन्ही पोर्ट त्यातच येतात, आणि एवढा मोठा जावा ॲप्लिकेशन रूटने चालवणं धोक्याचं आहे. अपाची हे पोर्ट रूट म्हणून उघडतो, पण प्रत्यक्ष रिक्वेस्ट हाताळणाऱ्या त्याच्या प्रक्रिया साध्या युजरच्या नावाने चालतात. शिवाय सर्टिफिकेट एकाच जागी राहतं, एकाच मशीनवर सीएमएसच्या शेजारी पीएचपीची जुनी साइटही चालवता येते, चित्रं आणि सीएसएस जावाला त्रास न देता थेट डिस्कवरून देता येतात, आणि टॉमकॅट रिस्टार्ट करताना वाचकाला किमान एक सभ्य ‘थोड्या वेळाने या’ पान दाखवता येतं.

जुन्या वाड्याच्या दिंडी दरवाजाशी देवडी असायची. आलेला माणूस कोण, कुठून आला, कुणाकडे आणि कशासाठी, हे देवडीवरचा माणूस आत जाऊन सांगे. त्याने नुसतं ‘कोणीतरी आलंय’ एवढंच सांगितलं तर आतल्या माणसाने काय करायचं? अपाचीचं काम नेमकं देवडीचं आहे आणि त्याच्या मूळ सेटिंगमध्ये तो बरंचसं ‘कोणीतरी आलंय’ एवढंच सांगतो.

एका रिक्वेस्टचा प्रवास

समजा वाचकाने ‘एचटीटीपीएस://डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू.एक्झाम्पल.कॉम/बातम्या/’ हा पत्ता उघडला. त्याचं कनेक्शन अपाचीच्या ४४३ पोर्टवर येतं आणि टीएलएसचं आवरण तिथेच उतरतं. आता अपाची टॉमकॅटकडे स्वतःचं एक वेगळं, नवं कनेक्शन उघडतो: १२७.०.०.१ या पत्त्यावर, ८०८० पोर्टला, साध्या एचटीटीपीने. टॉमकॅटच्या बाजूने बघा. रिक्वेस्ट करणाऱ्याचा पत्ता आहे १२७.०.०.१. प्रोटोकॉल एचटीटीपी. होस्टचं नाव, वेगळं काही सांगितलं नसेल तर, लोकलहोस्ट:८०८०. आणि अपाचीने वाटेला पुढे काही जोडलं असेल तर पत्त्याची वाटही मूळची नाही.

वाचक, त्याचं ठिकाण, सुरक्षित कनेक्शन, साइटचं नाव, यातलं काहीच पलीकडे पोचलेलं नाही. आणि सीएमएस तर याच गोष्टींवर चालतं. कुठली साइट दाखवायची ते होस्टच्या नावावरून ठरतं, लिंक कशी बनवायची ते प्रोटोकॉलवरून आणि वाटेवरून, लॉगमध्ये काय नोंदवायचं ते आयपीवरून.

एजेपी आणि घोस्टकॅट

ही अडचण जुनीच आहे, आणि तिच्यावरचं जुनं उत्तर म्हणजे एजेपी. अपाचीने टॉमकॅटशी बोलायची ही खास बायनरी भाषा. टॉमकॅटमध्ये तिचा पोर्ट ८००९. अपाचीच्या बाजूला आधी मॉड-जेके हे वेगळं मॉड्यूल लागायचं. २००५च्या डिसेंबरात अपाची २.२ आला आणि त्यात मॉड-प्रॉक्सी-एजेपी आयतंच मिळू लागलं. एजेपी लोकांना आवडायचं त्याचं कारण अनेकजण वेग असं सांगतात, पण माझ्या मते खरं कारण वेगळं होतं. वाचकाचा आयपी, कनेक्शन सुरक्षित आहे की नाही, सर्व्हरचं नाव, या सगळ्या गोष्टी एजेपीच्या प्रत्येक निरोपातच असतात. वेगळं काही सांगावंच लागत नाही. जोडलं की चाललं.

या सोयीची दुसरी बाजू २०२०च्या फेब्रुवारीत उघडी पडली. घोस्टकॅट या नावाने ओळखली जाणारी, सीव्हीई-२०२०-१९३८ या क्रमांकाची त्रुटी. एजेपीचा सगळा कारभार ‘समोरून बोलणारा आपलाच अपाची आहे’ या विश्वासावर होता आणि टॉमकॅट मूळ सेटिंगमध्ये ८००९ पोर्ट मशीनच्या सगळ्या पत्त्यांवर उघडून बसायचा. बाहेरच्या कोणालाही तो पोर्ट गाठता आला, तर खास बनवलेल्या निरोपाने ॲप्लिकेशनच्या फोल्डरमधली फाइल वाचता येत होती. एरवी ब्राउझरला कधीच न दिसणारा ‘वेब-इन्फ’ फोल्डरसुद्धा त्यात आला. ओपनसीएमएस चालवणाऱ्याने इथे विशेष कान टवकारावेत, कारण डेटाबेसचं युजरनेम आणि पासवर्ड त्याच ‘वेब-इन्फ’मधल्या ‘कॉन्फिग’ फोल्डरात, ‘ओपनसीएमएस.प्रॉपर्टीज’ या साध्या मजकूर-फाइलीत असतात.

टॉमकॅटच्या ७.०.१००, ८.५.५१ आणि ९.०.३१ या आवृत्त्यांमध्ये ही त्रुटी बुजवली. तेव्हापासून एजेपी मुळात बंदच येतं, चालू केलं तरी फक्त त्याच मशीनवरून गाठता येतं आणि अपाचीशी ठरवलेला एक गुप्त शब्द मागतं. तो शब्द पाठवायची सोय मॉड-प्रॉक्सी-एजेपीमध्ये अपाची २.४.४२पासून आली. म्हणून जुना अपाची तसाच ठेवून नुसता टॉमकॅट अपडेट केला आणि त्यात गुप्त शब्द घातला, की काल चालणारी साइट आज ४०३ (‘प्रवेश नाही’) दाखवू लागते. घाबरलेला माणूस मग ‘सीक्रेट-रिक्वायर्ड’ (गुप्त शब्दाची अट) बंद करून टाकतो. कृपया तसं करू नका. अपाची अपडेट करा.

नव्याने जोडणार असाल तर मी सरळ एचटीटीपी सुचवेन. ते साध्या साधनांनी तपासता येतं, अपाचीऐवजी उद्या एन्जिन-एक्स हा दुसरा वेब सर्व्हर आणायचं ठरलं तरी टॉमकॅटची बाजू तशीच राहते, आणि गुप्त शब्दाची भानगड नाही. फक्त एजेपी जे आपोआप सांगायचं, ते इथे आपल्याला हाताने सांगावं लागतं.

नाव, प्रोटोकॉल, पत्ता

आधी नाव. अपाचीमध्ये ‘प्रॉक्सी-प्रिझर्व्ह-होस्ट’ नावाचं एक सेटिंग आहे, मूळचं बंद असतं. ते चालू केलं की वाचकाने मागितलेलं होस्टचं नाव जसंच्या तसं टॉमकॅटला जातं. एन्जिन-एक्सचीही मूळची सवय तीच, पलीकडच्या सर्व्हरचंच नाव पाठवायची, त्यामुळे तिथेही होस्टचा हेडर (रिक्वेस्टसोबत जाणारी माहितीची ओळ) स्वतः द्यावा लागतो. ओपनसीएमएसच्या कॉन्फिगमध्ये साइट्सची यादी असते: अमुक नावाने आलेल्याला अमुक फोल्डरमधली साइट दाखवा. यादीत न बसणारं नाव आलं तर ठरलेली मूळ साइट दाखवली जाते. आता दोन्ही डोमेनसाठी टॉमकॅटला ‘लोकलहोस्ट:८०८०’ एवढंच ऐकू येत असेल, तर दोन्हीवर एकच मुखपृष्ठ दिसणार. सीएमएसने काही चूक केलेली नाही, त्याला सांगितलंच चुकीचं गेलं. त्या यादीतलं नाव प्रोटोकॉलसकट लिहायचं असतं आणि संपादकांच्या कामाच्या जागेचा पत्ताही तिथेच वेगळा द्यायचा असतो. साइट एचटीटीपीएसवर नेली तर ही यादीही बदलावी लागते.

मग प्रोटोकॉल. वाचक एचटीटीपीएसने आला, पण टॉमकॅटपर्यंत एचटीटीपीच पोचलं. ॲप्लिकेशनला सांगितलेलं आहे की सुरक्षित नसलेल्या वाचकाला एचटीटीपीएसवर पाठव. ते पाठवतं. वाचक एचटीटीपीएसवर येतो, कारण तो आधीपासून तिथेच होता. अपाची पुन्हा एचटीटीपीने आत सांगतो. ॲप्लिकेशन पुन्हा पाठवतं. वीसेक फेऱ्यांनंतर ब्राउझर नाद सोडतो. यावर उपाय म्हणजे ‘एक्स-फॉरवर्डेड-प्रोटो’ हा हेडर. वाचकाचा आयपी सांगणारा ‘एक्स-फॉरवर्डेड-फॉर’ हेडर अपाचीचं प्रॉक्सी मॉड्यूल आपणहून जोडतं, पण प्रोटोकॉलचा हेडर जोडत नाही. तो ‘रिक्वेस्ट-हेडर’ या सूचनेने आपण घालायचा. घालताना ‘ॲड’ न लिहिता ‘सेट’ लिहायचं, म्हणजे वाचकाने स्वतः तसा खोटा हेडर पाठवला असेल तर तो पुसला जातो.

हेडर पाठवून काम अर्धंच होतं. टॉमकॅट ते हेडर आपणहून मानत नाही, आणि मानू नये हेच बरोबर. त्यासाठी ‘सर्व्हर.एक्सएमएल’मध्ये रिमोट-आयपी-व्हॉल्व्ह बसवावा लागतो. रिक्वेस्ट आत येताना तो हे हेडर वाचतो आणि ॲप्लिकेशनला दिसणारा आयपी, प्रोटोकॉल आणि सुरक्षित असल्याची खूण बदलून देतो. पण हे तो सरसकट करत नाही. समोरचा पत्ता आतल्या, विश्वासाच्या पत्त्यांपैकी असेल तरच. १२७ने सुरू होणारे आणि १०, १७२.१६, १९२.१६८ वगैरे खासगी पत्ते मुळातच त्या यादीत आहेत. अपाची वेगळ्या सार्वजनिक पत्त्यावरच्या मशीनवर असेल तर मात्र तो पत्ता आपण द्यायचा. प्रोटोकॉलच्या हेडरचं नाव व्हॉल्व्हमध्ये स्पष्ट लिहून टाकावं. जुन्या आवृत्त्यांमध्ये ते गृहीत धरलेलं नसतं.

व्हॉल्व्ह बसवूनही टॉमकॅटच्या ॲक्सेस लॉगमध्ये सगळीकडे १२७.०.०.१च दिसत राहतो, आणि माणूस तासभर व्हॉल्व्हमध्येच चूक शोधत बसतो. लॉग लिहिणाऱ्या व्हॉल्व्हला ‘रिक्वेस्ट-ॲट्रिब्यूट्स-एनेबल्ड’ हे ‘ट्रू’ करून द्यावं लागतं, तेव्हाच तो बदललेला आयपी नोंदवतो.

वाट: सगळ्यात जास्त वेळ खाणारा भाग

ओपनसीएमएस साधं बसवलं तर पानाचा पत्ता ‘/ओपनसीएमएस/ओपनसीएमएस/इंडेक्स.एचटीएमएल’ असा दिसतो. नाव दोनदा का? पहिलं ॲप्लिकेशनचं, म्हणजे वॉर फाइलीचं. दुसरं त्याच्या आतल्या सर्व्हलेटचं, म्हणजे रिक्वेस्टला उत्तर देणाऱ्या जावा भागाचं, ज्याच्या वाटेने सीएमएसमधली पानं बाहेर येतात. पानं मुळात डेटाबेसमध्ये असतात, डिस्कवर त्या नावाची फाइल नसते, म्हणून कुठल्या वाटेवरची मागणी सीएमएसकडे द्यायची हे टॉमकॅटला कळायला ती खूण लागते.

लोकांना अर्थातच हे दोन्ही शब्द पत्त्यात नको असतात. पहिला घालवणं सोपं: ॲप्लिकेशन ‘रूट’ या नावाने बसवायचं. टॉमकॅटमध्ये ‘रूट’ नावाच्या ॲप्लिकेशनची वाट रिकामी असते. दुसऱ्यासाठी दोन्ही बाजूंना काम करावं लागतं. अपाची वाचकाच्या ‘/बातम्या/’च्या पुढे गुपचूप ‘/ओपनसीएमएस’ जोडून आत पाठवतो. आणि ओपनसीएमएसला सांगायचं की पानात लिंक लिहिताना तो शब्द लिहू नकोस, बाहेर तो कोणाला दिसत नाही. हे सांगायची जागा ‘ओपनसीएमएस-इम्पोर्टएक्स्पोर्ट.एक्सएमएल’ या फाइलीत आहे. तिथे ‘व्हीएफएस-प्रीफिक्स’ नावाची ओळ असते, तिच्यातला सर्व्हलेटच्या नावाचा भाग काढायचा आणि टॉमकॅट रिस्टार्ट करायचा.

बाहेरचा जे जोडतो नेमकं तेच आतल्याने गाळायचं. एकच बाजू बदलली तर तऱ्हेतऱ्हेचे घोळ होतात. अपाची शब्द जोडतोय आणि सीएमएसही लिंकमध्ये तो लिहितोय, तर पुढच्या क्लिकला तो दोनदा लागतो आणि ४०४. सीएमएस गाळतंय पण अपाची जोडत नाही, तर मुखपृष्ठ सोडून काहीच उघडत नाही. आणि अपाचीचा नियम लिहिताना काही वाटा वगळाव्या लागतात. सीएमएसची स्वतःची चित्रं आणि स्क्रिप्ट ज्या ‘/रिसोर्सेस’खाली असतात ती, आणि स्टॅटिक एक्स्पोर्ट (पानं आधीच फाइली करून ठेवणं) वापरत असाल तर ‘/एक्स्पोर्ट’. या खऱ्या फाइली आहेत, त्या सर्व्हलेटकडे पाठवल्या तर पान उघडतं पण उघडं-बोडकं, रंगरूप नसलेलं. नेमक्या कुठल्या वाटा वगळायच्या ते आवृत्तीनुसार बदलतं, म्हणून दहा वर्षांपूर्वीचा नियम उचलून लावू नका, आपल्या आवृत्तीच्या मार्गदर्शिकेतला नमुना घ्या.

इथे एक गैरसमज फार पसरलेला आहे. ‘प्रॉक्सी-पास-रिव्हर्स’ लावला की सगळ्या लिंका दुरुस्त होतात, असं अनेकांना वाटतं. तो फक्त उत्तराच्या हेडरमधले पत्ते बदलतो, मुख्यतः ‘लोकेशन’, म्हणजे ‘तिकडे जा’ असं सांगणारी ओळ. पानाच्या आतल्या लिंकला तो हात लावत नाही. त्या लिंका सीएमएसने बरोबर लिहिल्या पाहिजेत, आणि त्यासाठी त्याला नाव, प्रोटोकॉल आणि वाट बरोबर कळली पाहिजे. पान जाता जाता अपाचीकडून आतला एचटीएमएल बदलून घेणारं मॉड्यूलही मिळतं. ते शेवटचा इलाज म्हणून ठेवावं. प्रत्येक पान चाळायला वेळ जातो आणि स्क्रिप्टच्या आत लपलेले पत्ते हमखास सुटतात.

आता ते सुटणारं लॉगिन. ॲप्लिकेशन ‘/ओपनसीएमएस’ या नावानेच ठेवलं आहे आणि अपाचीने ते नाव वाचकापासून लपवलं आहे, असं समजा. लॉगिन झालं की टॉमकॅट ‘जेसेशनआयडी’ कुकी देतो आणि तिच्यावर लिहितो: ही फक्त ‘/ओपनसीएमएस’ या वाटेसाठी. ब्राउझर ती प्रामाणिकपणे जपून ठेवतो. पण वाचकाच्या पत्त्यात ती वाट आता कुठेच येत नाही, ‘/बातम्या/’ येतं. मग ब्राउझर कुकी पाठवतच नाही, टॉमकॅटला हा कोणी नवा माणूस वाटतो आणि तो पुन्हा पासवर्ड मागतो. पासवर्ड बरोबर, कुकी दिली गेली, लॉगमध्ये एकही चूक नाही, तरी लॉगिन टिकत नाही. ‘प्रॉक्सी-पास-रिव्हर्स-कुकी-पाथ’ने कुकीवरची वाट बदलता येते. पण ॲप्लिकेशन ‘रूट’ म्हणून ठेवलं तर कुकी मुळातच सगळ्या साइटसाठी दिली जाते आणि हा प्रश्न उरत नाही. म्हणूनच ‘रूट’ने बसवणं हा नुसता सुबक पत्त्याचा हट्ट नाही.

५०२, ५०३, ५०४

जोडणी तुटते तेव्हा दिसणारे हे आकडे. अपाचीला टॉमकॅटशी कनेक्शनच करता आलं नाही तर ५०३ येतो. नेमकं तेच एन्जिन-एक्समध्ये झालं तर ५०२ येतो, त्यामुळे एकाचा उपाय दुसऱ्याला लावताना जपून. वेळेत उत्तर आलं नाही तर बहुधा ५०४.

दोन प्रकार मुद्दाम सांगतो, कारण ते भलतीकडेच शोधायला लावतात. रेड हॅटच्या घराण्यातल्या लिनक्सवर सगळं बरोबर लिहूनही ५०३ येतो, टॉमकॅट तर ८०८०वर मजेत चालू असतो, आणि अपाचीच्या एरर लॉगमध्ये ‘परवानगी नाही’ असं दिसतं. हे काम एसई-लिनक्सचं, म्हणजे लिनक्सच्या जादा सुरक्षा-नियमांच्या व्यवस्थेचं. वेब सर्व्हरने आपणहून बाहेर कनेक्शन करू नये असा त्याचा मूळ नियम आहे. ‘एचटीटीपीडी-कॅन-नेटवर्क-कनेक्ट’ हा एक बूलियन (चालू-बंद सेटिंग) कायमचा चालू केला की झालं. एसई-लिनक्स पूर्ण बंद करायचा सल्ला सर्रास दिला जातो, तो ऐकू नका.

दुसरा प्रकार: टॉमकॅट रिस्टार्ट झाला, थेट ८०८०वर साइट दिसते, पण अपाचीतून अजून ५०३च. अपाची एकदा पलीकडचा सर्व्हर पडलेला बघतो तेव्हा मूळ सेटिंगनुसार पुढची ६० सेकंदं तिकडे पुन्हा जातच नाही. तेवढ्यात माणूस घाबरून अपाचीही रिस्टार्ट करतो. ‘रिट्राय’ची किंमत कमी केली की ही वाट बघणं संपतं.

मधूनच, कुठलंही कारण नसताना एखादा ५०२ येत असेल, तर बहुधा अपाची जुनं मोकळं कनेक्शन पुन्हा वापरायला जातो आणि नेमक्या त्याच क्षणी टॉमकॅटने ते बंद केलेलं असतं. टॉमकॅटच्या नमुना फाइलीत मोकळं कनेक्शन उघडं ठेवायची मुदत २० सेकंदांची असते. अपाचीच्या बाजूला ‘टीटीएल’ (मोकळं कनेक्शन पुन्हा वापरायची मुदत) त्याहून कमी ठेवा.

आणि फोटो चढत नसतील, ४१३ (‘पाठवलेलं फार मोठं आहे’) येत असेल, पुढे एन्जिन-एक्स असेल, तर सीएमएसमध्ये शोधू नका. एन्जिन-एक्सची मूळ मर्यादा एक एमबी आहे.

देवनागरी पत्ते आणि शोध

मराठी साइट चालवणाऱ्याला लागणारी ही खास गोष्ट. पत्त्यात देवनागरी अक्षर थेट जात नाही. यूटीएफ-८मध्ये त्याचे तीन बाइट होतात आणि प्रत्येक बाइट टक्क्याच्या खुणेसकट तीन चिन्हांत लिहिला जातो. ‘महाराष्ट्र’ या शब्दात काने, हलन्त धरून दहा सांकेतिक अक्षरं आहेत, म्हणजे वायरवरून नव्वद चिन्हं जातात. बातमीचं अख्खं शीर्षक पत्त्यात टाकलं तर हजाराच्या घरात सहज पोचतो. अपाचीची रिक्वेस्टच्या पहिल्या ओळीची मर्यादा ८१९० बाइट, टॉमकॅटची सगळ्या हेडरांची मिळून मूळ मर्यादा ८ केबी, एजेपीच्या पाकिटाचीही तेवढीच. आधीच्या पानाचा लांब पत्ता ‘रेफरर’मध्ये येतो, त्यात कुकी, आणि मर्यादा ओलांडली जाते. मर्यादा वाढवायची असेल तर दोन्ही बाजूंना सारखी वाढवावी.

ओपनसीएमएस मूळ सेटिंगमध्ये फाइलींच्या नावातली लॅटिनेतर अक्षरं बदलून टाकतं, त्यामुळे तिथे देवनागरी बहुतेक वेळा शोधाच्या चौकटीतून येते. टॉमकॅट ७पर्यंत पत्त्यातली अक्षरं मूळ सेटिंगमध्ये आयएसओ-८८५९-१ समजून वाचली जायची, आणि ‘पाऊस’ शोधला की युरोपीय अक्षरांचा गिचमिड कचरा शोधला जायचा. टॉमकॅट ८पासून यूटीएफ-८ गृहीत धरलेलं आहे. नवा टॉमकॅट असूनही कचरा येत असेल तर अपाचीतले रीराइटचे (पत्ता बदलणारे) नियम बघा. रीराइट पत्ता आधी उलगडतो आणि मग पुढे पाठवतो. उलगडलेली अक्षरं पुन्हा नीट बांधून पाठवायला ‘बी’ हा झेंडा (नियमाला लावायची खूण) आहे.

कॅश

याबद्दल थोडक्यात. देवडीवरच पान ठेवून तिथूनच वाचकाला देणं ही कल्पना सगळ्यात पुढे नेली ती अडोबीच्या एक्सपीरियन्स मॅनेजरने. मूळ स्वित्झर्लंडमधल्या बाझलच्या डे सॉफ्टवेअरचं हे जावा सीएमएस, २०१०मध्ये अडोबीने ती कंपनी घेतली. त्यात लेखनाचा सर्व्हर वेगळा, मूळ पोर्ट ४५०२, आणि प्रसिद्धीचा वेगळा, ४५०३. पुढे अपाचीच्या आत डिस्पॅचर नावाचं मॉड्यूल बसतं. ते तयार पान साध्या फाइलीसारखं डिस्कवर ठेवतं आणि संपादकाने नवीन मजकूर प्रसिद्ध केला की सीएमएसकडून निरोप येऊन जुनी प्रत रद्द होते. हा निरोपच महत्त्वाचा. आपल्या अपाचीत कॅश चालू करणं एका ओळीचं काम आहे, पण रद्द कधी करायची हे ठरवलं नसेल तर संपादक पान दुरुस्त करत राहतो आणि वाचकाला जुनंच दिसत राहतं. लॉगिन केलेल्या माणसाचं पान कॅशमध्ये गेलं तर ते दुसऱ्याला दिसू शकतं, हे तर त्याहून वाईट. संपादकांच्या वाटा कॅशमधून पूर्ण वगळाव्यात, आणि शक्य असेल तर अपाचीतच त्या ऑफिसच्या आयपीपुरत्या मर्यादित कराव्यात.

तपासायचं कसं

ब्राउझरवर विसंबू नका, तो जुनी कुकी आणि जुनं रीडायरेक्ट लक्षात ठेवतो. ‘कर्ल’ हे कमांडलाइनचं साधन वापरा आणि फक्त हेडर मागवा. आधी सर्व्हरवरूनच थेट ८०८०ला विचारा, होस्टचा हेडर हाताने खरा देऊन. इथे २०० आलं तर सीएमएस ठीक. मग तेच पान बाहेरच्या नावाने, एचटीटीपीएसने मागा. दोन उत्तरं शेजारी ठेवा आणि दोनच ओळी वाचा: ‘लोकेशन’ आणि ‘सेट-कुकी’. ‘लोकेशन’मध्ये लोकलहोस्ट दिसला तर नाव गळतंय. एचटीटीपी दिसलं तर प्रोटोकॉल. ‘/ओपनसीएमएस’ दिसलं तर वाट. कुकीवर ‘सिक्युअर’ नसेल तर व्हॉल्व्ह हेडर मानत नाहीये, आणि तिच्या वाटेत एका स्लॅशशिवाय काही असेल तर लॉगिन सुटणार.

मग ऑफिसच्या नेटवर्कबाहेर या, मोबाइलच्या डेटावर, आणि साइटच्या नावापुढे ८०८० लावून उघडायचा प्रयत्न करा. ८००९ला ‘नेटकॅट’ने (पोर्ट तपासायचं साधन) हाक मारून बघा. दोन्हीकडून काहीच उत्तर येता कामा नये. बाहेरून थेट टॉमकॅट गाठता आला तर देवडी चुकवून आत येता येतं, मग अपाचीत लावलेली सगळी बंधनं फोल ठरतात. उत्तर आलंच तर ‘सर्व्हर.एक्सएमएल’मधल्या कनेक्टरला ॲड्रेस म्हणून १२७.०.०.१ द्या, फायरवॉलमध्येही ते पोर्ट बंद करा, टॉमकॅट रिस्टार्ट करा आणि मोबाइलवरून पुन्हा बघा.